काळ्या स्क्रीनवरचा बिली

अँड्र्यू पॅटरसनचा ‘द व्हास्ट ऑफ नाइट’ (2019) मोबाइलवर बघताना मध्येच स्क्रीन काळी पडते आणि नेट गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं. 1950च्या दशकातलं न्यू मेक्सिकोतलं काल्पनिक गाव. रेडिओवर एव्हरेट, टेलिफोन एक्सचेंजमध्ये फे, आणि लाइनवर एक विचित्र आवाज. तो ओळखणारा बिली फोन करतो. सैन्यात असताना वाळवंटात केलेल्या गुप्त कामाबद्दल तो बोलत राहतो, आपण अंधारात नुसतं ऐकायचं.

त्या कामाला निवडलेले सगळे काळे किंवा मेक्सिकन होते, असं बिली सांगतो. तो स्वतःही काळा. गुपित राखायला कुलूप कशाला? ज्याच्या शब्दाला कुणी किंमत देत नाही असा माणूस कामाला लावला की झालं. मला सिनेमाचं सगळं बळ इथे दिसतं.

आणि हा संशय हवेतला नाही. 1947मध्ये त्याच न्यू मेक्सिकोत, रॉसवेलजवळ तुकडे सापडले. लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ म्हटलं, लगेच हवामानाचा फुगा म्हटलं. ते सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाचे फुगे होते, हे हवाई दलाने सांगितलं 1994मध्ये! सत्तेचाळीस वर्षं लोकांनी अफवा नाही तर काय रचायचं होतं?

म्हणूनच शेवटी (स्पॉयलर आहे, सांभाळा) आकाशात खरोखरचं यान दिसतं तेव्हा मी हिरमुसलो. बिलीला कामाला लावणारी माणसं त्या उजेडात दिसेनाशी होतात.