हमीपत्राचे वाचन : सदोष गेमिंग कन्सोल, वॉरंटीचा मजकूर आणि ग्राहकाचा हक्क

प्रस्तावना

जागतिकीकरणानंतरच्या काळात मध्यमवर्गीय घरात जी नवनवी उपकरणे आली, त्यांच्यासोबत एक छापील मजकूरही घरात आला. खोक्यात थर्मोकोलच्या खाली दडलेले वॉरंटीपत्र हा तो मजकूर होय. वाणिज्य शाखेत त्याचा विचार विक्रीपश्चात सेवेच्या अंगाने होतो, विधी शाखेत कराराच्या अंगाने होतो. मात्र भाषेच्या अध्यापकाने एक संहिता म्हणून त्याचे वाचन करावे, असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

त्याचे निमित्त घरगुती आहे. दिवाळीत भाच्यासाठी सीताबर्डीवरील एका दुकानातून गेमिंग कन्सोल घेतला. मार्च महिन्यात खेळ ऐन रंगात असताना तो आपोआप बंद पडू लागला. सेवा केंद्रात तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळी जॉबशीटवर ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला. तिसऱ्या वेळी ‘विद्युत दाबातील चढउतारामुळे बिघाड, वॉरंटीत समाविष्ट नाही’ असे लिहून आले. दोष नाही आणि दोष आहे पण तुमचा आहे, ही दोन विधाने एकाच टेबलावरून महिनाभराच्या अंतराने केली गेली. दुकानाचे वा कंपनीचे नाव येथे अप्रस्तुत आहे. ‘मामा, वॉरंटी आहे ना?’ हा भाच्याचा प्रश्न मात्र प्रस्तुत आहे. कारण वॉरंटी होती, आणि तिच्याच आधारे नकार मिळाला होता.

हमीपत्र कोण कोणास देतो?

मराठीत ‘हमीपत्र’ हा शब्द आपण महाविद्यालयात रोज वापरतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक ते लिहून देतात : उपस्थिती पूर्ण करीन, रॅगिंग करणार नाही, नियमभंग झाल्यास होणाऱ्या कारवाईस पात्र राहीन. येथे हमी देणारा दुर्बल आहे आणि घेणारी संस्था सबल आहे. व्यापारातील हमीपत्रात हे नाते उलट असावयास हवे. सबल उत्पादकाने दुर्बल खरेदीदाराला दिलेला तो शब्द आहे. प्रत्यक्षात वॉरंटीपत्र वाचले असता ते प्रवेश अर्जासोबतच्या हमीपत्रासारखेच वाटते. देणाऱ्याची प्रतिज्ञा एका वाक्यात आटोपते. त्यानंतरचा मजकूर खरेदीदाराने काय करू नये याविषयीचा असतो : उपकरण उघडू नये, मोहोर फाडू नये, अनधिकृत व्यक्तीकडून दुरुस्ती करू नये, धूळ, दमटपणा, कीटक यांपासून ते दूर ठेवावे.

या मजकुराचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. खरेदीदाराच्या कर्तव्याची वाक्ये कर्तरी प्रयोगात असतात आणि कर्ता स्पष्ट असतो. कंपनीच्या कर्तव्याची वाक्ये मात्र कर्मणीत जातात : ‘दोष आढळल्यास दुरुस्त केला जाईल’, ‘दावा ग्राह्य धरला जाणार नाही’. दोष कोणास आढळावयाचा, कोणत्या कसोटीवर, किती दिवसांत, हे त्या वाक्यांतून गळालेले असते. ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ या वाक्यात कर्ता परत येतो, परंतु तो न्यायाधीशाच्या रूपाने. आणि हे सर्व बहुधा इंग्रजीत असते. वेष्टित वस्तूंवरील सक्तीच्या माहितीपुरतेही २०११ च्या वैधमापन नियमांनी देवनागरीतील हिंदी किंवा इंग्रजी एवढाच पर्याय ठेवला आहे, मराठीची सक्ती त्यात नाही. वॉरंटीपत्र तर त्याही पुढची गोष्ट झाली.

एक तपशील विदर्भवासीयांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. प्लेस्टेशन ४ आणि प्लेस्टेशन ५ यांच्या तांत्रिक माहितीत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कूलर लावलेल्या खोलीत तापमान काहीसे उतरते, पण दमटपणा वाढतो, आणि दमटपणाही वर्ज्यांच्या यादीत असतो. म्हणजे ज्याच्या घरी वातानुकूलन नाही, त्याने उन्हाळ्याच्या सुटीत हे यंत्र लावले की तो कागदोपत्री मर्यादेबाहेर गेला. शहरात वस्तू विकायची आणि त्या शहराचा ऋतू शर्तींतून वगळायचा, यातील विसंगती दुकानात कोणी सांगत नाही. खोक्यावर लिहिले आहे, एवढेच उत्तर मिळते.

शर्त आणि हमी

वॉरंटीपत्र हाच आपल्या हक्काचा उगम आहे, हा समज कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १२ मध्ये ‘शर्त’ आणि ‘हमी’ असे दोन शब्द आहेत. शर्त ही कराराच्या मुख्य हेतूला आवश्यक असते. ती मोडल्यास खरेदीदार करारच नाकारू शकतो. हमी ही आनुषंगिक असते. ती मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते, वस्तू नाकारता येत नाही. बाजारात ज्या शब्दाचा एवढा डंका पिटला जातो, तो वॉरंटी हा शब्द कायद्यात या जोडीतील दुबळा शब्द आहे. त्याच कायद्याचे कलम १६ वस्तूच्या विक्रीयोग्यतेची गर्भित शर्त मान्य करते. परंतु वस्तू स्वीकारली गेली की कलम १३ नुसार शर्तीचा भंगही सामान्यतः हमीच्या भंगाइतकाच उरतो. शिवाय कलम ६२ नुसार गर्भित शर्त कराराने वगळताही येते. वसाहतकालीन व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या या कायद्यात खोके उघडून घरी खेळणाऱ्या मुलाची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

ही उणीव भरून काढण्याच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा अंमलात आला आणि जिल्हा ‘मंचा’चा जिल्हा ‘आयोग’ झाला. या कायद्यातील दोषाची व्याख्या महत्त्वाची आहे. कायद्याने, कराराने (मग तो व्यक्त असो वा गर्भित) किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या गुणवत्तेतील कोणतीही उणीव म्हणजे दोष. वॉरंटीपत्र हे या मापांपैकी केवळ एक माप आहे. कलम ३९ नुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि कलम १०० नुसार हे उपाय अन्य कायद्यांच्या जोडीला आहेत. ‘वाद अमुक महानगराच्याच न्यायालयात’ या छापील ओळीलाही फारसे भिण्याचे कारण नाही. नव्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारकर्ता राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे, आणि वस्तूपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आपल्या गल्लीत दोन कन्सोल लावून गेमिंग पार्लर चालविणाऱ्या तरुणाला वॉरंटीपत्र ‘व्यावसायिक वापर’ म्हणून बाहेर काढते. कायदा मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्यास ग्राहक मानतो.

निकालपत्रांची मराठी

येथवर कायदा ग्राहकाच्या बाजूने दिसतो. अडचण पुढे आहे. विदर्भातील निकालपत्रे मराठीत वाचावयास मिळतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. पुण्याकडे ज्यास ‘जाबदेणार’ आणि नाशिककडे ‘सामनेवाले’ म्हणतात, तो आपल्याकडे ‘विरुद्ध पक्ष’ असतो. ‘अनुचित व्यापारी प्रथा’, ‘सेवेतील त्रुटी’, ‘शारीरिक व मानसिक त्रासापोटी’ हे शब्दप्रयोग या निकालपत्रांनीच रूढ केले. ही मराठी रुक्ष आहे, तथापि ती वॉरंटीपत्रापेक्षा प्रामाणिक आहे. तीत प्रत्येक क्रियापदाला कर्ता असतो आणि प्रत्येक मुद्द्यापुढे होय, नाही वा अंशतः असा निष्कर्ष असतो.

परंतु या निकालपत्रांतील कळीचा शब्द ‘निर्मिती दोष’ हा आहे, आणि त्याचा भार तक्रारकर्त्यावर आहे. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलण्याचा उल्लेख होता, मोटार बदलण्याचा नव्हता. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणातही स्वतंत्र तज्ज्ञाने अंगभूत निर्मिती दोष दाखविल्यासच वाहनाची किंमत परत, अशी भूमिका घेतली गेली. या निवाड्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही पहिल्या वाचनपद्धतीबद्दल असहमती नोंदवावीशी वाटते. उत्पादकाने स्वतः लिहिलेला, खरेदीदाराने खरेदीनंतरच पाहिलेला मजकूर जर उपायाची कमाल मर्यादा ठरला, तर कायद्यातील गर्भित कराराचा शब्द निरर्थक होतो. मोटारीची किंमत पाहता न्यायालयाचा संकोच समजू शकतो. पण तोच तर्क चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रापर्यंत झिरपत आला आहे, आणि काउंटरवरील कर्मचारी निवाड्याचे नाव न ऐकताही ‘फक्त पार्ट बदलून मिळेल, पीस नाही’ असे सांगतो.

तज्ज्ञाचे काय? कलम ३८ नुसार आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यासाठीचे शुल्क तक्रारकर्त्याकडून भरून घेऊ शकतो, आणि अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित असतो. कन्सोलचा दोष मात्र तासभर खेळल्यावर कधी तरी प्रकटतो, आणि टेबलावर दहा मिनिटांत तो दिसत नाही. यंत्राच्या आतील नोंदी, त्या मॉडेलचे किती नग परत आले याची आकडेवारी, बदललेल्या भागांचा इतिहास, हे सर्व कंपनीकडे असते. पुरावा कायद्याचे जुने तत्त्व असे, की जी वस्तुस्थिती एखाद्याच्या विशेष माहितीतील आहे, ती त्यानेच सिद्ध करावी. ग्राहक आयोगांत हे तत्त्व अधिक धीटपणे वापरले जावयास हवे. वारंवारच्या जॉबशीट हाच दोषाचा पुरावा मानणारे निकाल आहेत. पण तो न्याय सदस्यांच्या दृष्टीवर अवलंबून राहतो, नियमावर नाही.

लाल दिव्यांचा धडा

या संदर्भात एक्सबॉक्स ३६० चा इतिहास उद्‌बोधक आहे. सप्टेंबर २००६ मध्ये हा कन्सोल भारतात आला. अक्षय कुमार आणि युवराज सिंग त्याचे प्रचारदूत होते. यंत्र निकामी झाले की त्याच्या दर्शनी कळीभोवती तीन लाल दिवे लागत. सुरुवातीला प्रत्येक तक्रार सुटी मानली गेली. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या विशिष्ट बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढविली, आधी दुरुस्तीचे पैसे भरलेल्यांना ते परत करण्याचे जाहीर केले, आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. यंत्र तापणे आणि निवणे यांच्या चक्रात आतील जोडण्या तुटत होत्या, असे कारण पुढे सांगितले गेले.

या घटनेतील महत्त्वाची गोष्ट कंपनीचे औदार्य ही नव्हे. तो दोष एका यंत्रात सिद्ध होण्याजोगा नव्हताच. तो हजारो यंत्रांच्या बेरजेत दिसत होता. एकट्या खरेदीदाराला, मग तो नागपूरचा असो वा न्यूयॉर्कचा, ती बेरीज उपलब्ध नव्हती. दोष सामूहिक आणि पुरावा मात्र वैयक्तिक, ही आपल्या व्यवस्थेची खरी कोंडी आहे. कलम ३५ समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू देते, आणि २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास सदोष वस्तू परत मागविण्याचे आदेश देण्याचे अधिकार आहेत. तथापि विखुरलेल्या खरेदीदारांना परस्परांचा पत्ता लागणार कसा, हा प्रश्न उरतोच.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडविला. तेथे पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू नाकारता येते, आणि त्यानंतरच्या दुरुस्ती वा बदलीच्या मागणीत सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. तो नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करावयाचे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने हा काळ किमान एक वर्षाचा केला. आपल्या २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले, पण हे एका ओळीचे गृहीतक आले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या कायद्यातील ही सर्वांत मोठी उणीव आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्याचे संकेतस्थळही सुरू झाले; त्याचे स्वागत करावयास हवे. पण दुरुस्ती कोठे करावी हे कळल्याने दोष कोणाचा हे ठरत नाही.

भाच्याच्या कन्सोलसंबंधी तक्रारीचा मसुदा तयार केला आहे. मुदत दोन वर्षांची असल्याने घाई नव्हती. मागील आठवड्यात कागदपत्रे एकत्र करताना खरेदीचे देयक काढले. ते उष्णतेने अक्षरे उमटविणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेले होते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात निम्मे पुसले गेले होते. महाविद्यालयासमोरील झेरॉक्सवाल्याने शाई गडद करून दोन प्रती काढून दिल्या. त्यांत रक्कम वाचता येते. तारीख येत नाही.