भोवळ कुणाची?

प्रायोगिक चित्रपट पाहून डोके गरगरते, असे आपल्याकडे अजूनही निंदेदाखल म्हटले जाते. मला त्यात निंदा दिसत नाही. वर्णन दिसते, आणि तेही अपुरे. डोके गरगरले हे खरेच, पण ती भोवळ कुणाची, हे विचारल्यावाचून टीकाकाराची सुटका नाही.

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) भोवळीचा धनी ठरलेला आहे. उंचीला भिणारा स्कॉटी जिन्याच्या पोकळीत खाली पाहतो आणि तळ एकाएकी ताणला जातो. जिन्याची लहानशी प्रतिकृती आडवी ठेवून, कॅमेरा एका दिशेने सरकवायचा आणि झूम भिंगाची ओढ उलट दिशेने ठेवायची, अशी ही करामत. करामत अव्वल आहे. पण तो क्षण सरला की कथानक आपला हात धरून आपल्याला खाली आणते. भोवळ स्कॉटीची, आपण ती घटकाभर उसनी घेतलेली.

त्याच्या कितीतरी आधी मार्सेल ड्यूशाँने 'आनेमिक सिनेमा'त (१९२६) कथा आणि नायक दोन्ही रद्द केले होते. नुसत्या फिरत्या तबकड्या. काहींवर वर्तुळे, काहींवर फ्रेंच श्लेष. तबकडी सपाट आहे हे ठाऊक असूनही तिच्यात विहीर दिसू लागते आणि बघता बघता त्या विहिरीचा उंचवटा होतो. येथे भोवळ डोळ्याची. पण सात-आठ मिनिटांत हा खेळ आटोपतो आणि, स्पष्टच बोलायचे तर, खेळच राहतो.

कॅनडाच्या मायकेल स्नोचा 'ला रेजिओं साँत्राल' (१९७१) मात्र तीन तासांचा आहे. क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडील एका निर्मनुष्य पहाडी पठारावर हेलिकॉप्टरने सामान नेऊन तो चित्रित झाला. पिएर आबेलूस या तंत्रज्ञाने त्यासाठी खास यंत्र बांधले होते. त्यावर बसवलेला कॅमेरा कोणत्याही दिशेला वळू शके, आणि स्वतःचे यंत्र वगळता सारे काही पाहू शके. आरंभी तो पायथ्याशीच्या दगडधोंड्यांवरून संथ फिरतो, हळूहळू क्षितिजाकडे चढतो, मग आभाळात. मधून मधून यंत्राची सावली जमिनीवरून सरकून जाते. माणूस म्हणून कुणी नाही. सोबतीला विजेच्या यंत्राचे चिवचिवाटासारखे सूर, आणि दोन भागांच्या मध्ये काळ्या पडद्यावर एक मोठी फुली. काही भाग कंटाळवाणे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढे गती वाढते, वर-खाली हे शब्द निरुपयोगी होतात, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले आहेत हे मला फार उशिरा कळले.

यावर कुणी म्हणेल, यासाठी कलाकृती कशाला? जत्रेतला पाळणा हेच काम चार आण्यांत करीत असे. आक्षेप वाजवी आहे. परंतु पाळण्यात देह फिरतो. डोळा आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय एकच साक्ष देतात. चित्रपटगृहात देह निश्चल असतो. कान सांगतो, तू जागेवर आहेस. डोळा सांगतो, तू भिरकावला गेलास. 'व्हर्टिगो'त हा तंटा स्कॉटीच्या नावावर मांडून मोकळे होता येते. स्नोच्या पठारावर तशी सोय नाही. यंत्राला भोवळ येत नाही, दगडांना येत नाही. उरतो तो मी. आणि मीही तेथे नाही, कारण ते पठार माझ्यावाचूनच फिरत आहे. आपल्याला वगळून जग कसे असेल, हा प्रश्न तत्त्वज्ञाने पुष्कळ चघळला. तो पोटात ढवळून उठलेला मी तेथे प्रथम अनुभवला.

हेच यंत्र नंतर 'द ला' (१९७२) या नावाने शिल्प म्हणून ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात गेले. भोवतीच्या चार दूरचित्रवाणी पडद्यांवर त्याला दिसणारे दृश्य उमटते. त्यात दालन येते आणि प्रेक्षकही येतात. कल्पना चतुर आहे. पण माणूस चौकटीत आला की तो आधी स्वतःला शोधतो, सापडला की खूश होतो, आणि मग गरगरण्याजोगे फारसे काही उरत नाही.