घटनाकारांची साक्ष आणि आजचे संघराज्य

केंद्र व राज्ये यांच्यात वाद उद्भवला की दोन्ही पक्ष घटनाकारांना साक्षीस बोलावतात. प्रबळ केंद्राचे पुरस्कर्ते डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा आधार घेतात. राज्यांचे कैवारी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाकडे बोट दाखवितात. ही भाषणे परस्परविरोधी आहेत, हा समज मात्र ग्राह्य नाही.

परिस्थितीनुसार घटना संघात्मक किंवा एकात्म होऊ शकते, असे पहिल्या भाषणाचे प्रतिपादन आहे. दुसऱ्यात संघराज्याचे गमक सांगितले आहे : अधिकारांची वाटणी केंद्राच्या कायद्याने नव्हे, तर खुद्द घटनेने झालेली असते; केंद्राचे वरचढ अधिकार आणीबाणीपुरतेच होत. दोहोंचे सूत्र एकच. संघात्मकता हा नियम, एकात्मता हा अपवाद.

ही कसोटी लावली असता निष्कर्ष सरसकट निघत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा राज्यांची आर्थिक स्वायत्तता संपली, अशी टीका झाली. परंतु हा बदल १०१ व्या घटनादुरुस्तीने, राज्य विधिमंडळांच्या अनुमोदनासह झाला. परिषदेत केंद्राच्या मताचे मूल्य एक-तृतीयांश असून निर्णयास तीन-चतुर्थांश बहुमत लागते. अर्थात एकट्या केंद्राला निर्णय करता येत नाही, तसाच तो केंद्रावाचून राज्यांनाही करता येत नाही. वाटणी बदलली, पण ती घटनेतच राहिली.

अनुच्छेद ३५६ ची गोष्ट निराळी. तो निर्जीव राहावा, अशी आशा आंबेडकरांनी १९४९ साली व्यक्त केली होती. १९७७ व १९८० साली प्रत्येकी नऊ राज्यांत त्याचा वापर झाला. समीक्षक ही आशा वारंवार उद्‌धृत करतात. परंतु आशा म्हणजे तरतूद नव्हे. दुरुपयोगास पुरेसा अटकाव मूळ शब्दांत नव्हता. तो १९९४ च्या बोम्मई निवाड्याने घातला. येथे घटनाकार केवळ साक्षीदार उरत नाहीत, प्रतिवादीही ठरतात.

खरा पेच २०१९ मध्ये दिसला. जम्मू-काश्मीरची पुनर्रचना राष्ट्रपती राजवटीत झाली आणि अनुच्छेद ३ नुसार अपेक्षित असलेले विधानसभेचे मत संसदेनेच व्यक्त केले. तात्पुरत्या अपवादातून कायमचा बदल घडला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली लडाखची निर्मिती वैध ठरविली. तथापि वैधता सिद्ध झाल्याने आंबेडकरांच्या कसोटीचे समाधान होतेच असे नाही.

म्हणून घटनाकार आज काय म्हणाले असते, हा प्रश्न अभ्यासकाने बाजूस ठेवावा. त्यांनी दिलेली कारणे आजच्या व्यवहारात कितपत टिकतात, हे तपासणे अधिक फलदायी होय.