सामाईक हिलसा साठ्याच्या शाश्वततेचे मूल्यमापन : एक चिकित्सा

बंगालच्या उपसागरातील हिलसा हा भारत, बांगलादेश व म्यानमार यांचा सामाईक मत्स्यसाठा होय. समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालण्यासाठी नद्यांत शिरतो. त्यामुळे त्याची मासेमारी हंगामी असते. बांगलादेशातील हिलसाचे उत्पादन २००२-०३ मधील सुमारे २ लाख टनांवरून २०१७-१८ मध्ये ५ लाख टनांपुढे गेले. याचे श्रेय पिल्लांच्या व प्रजननक्षम माशांच्या संरक्षणास दिले जाते. तथापि होड्या व जाळी वाढल्यानेही उत्पादन वाढू शकते. मासेमारीच्या प्रयत्नांची सलग नोंद नसल्यास हा भेद करता येत नाही.

अशा वेळी माशांच्या लांबीवरून वाढ व मृत्युदर काढले जातात आणि एकूण मृत्युदरातील मासेमारीचा वाटा ०.५ हून अधिक आढळल्यास अतिमासेमारीचा निष्कर्ष मांडला जातो. हिलसाबाबत या पद्धतीची गृहीतकेच डळमळतात. जाळ्याच्या आसाच्या मापानुसार ठरावीक आकाराचेच मासे सापडतात. शिवाय स्थलांतर करून गेलेले मासे गणितात मृत धरले जातात. परिणामी एका देशाच्या बंदरावरील नमुन्यावरून संपूर्ण साठ्याविषयी विधान करणे युक्त ठरत नाही.

बांगलादेशाची सागरी मासेमारीबंदी पूर्वी २० मे ते २३ जुलै अशी होती. २०२५ मध्ये ती १५ एप्रिल ते ११ जून अशी करून भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदीशी जुळविण्यात आली. नमुनेही तिन्ही देशांत समान पद्धतीने घेतले गेले, तरच शाश्वततेचा दावा तपासता येईल. तोवर ०.५ हा आकडा केवळ इशारा मानणे इष्ट.