एक ओळ गळाली, आणि सिनेमा सगळ्यांचा झाला

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ मी पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, फुकटात. प्रिंट इतकी खराब होती की अंधार कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो तेच कळेना. मला वाटलं, कमी पैशांतला हॉरर असाच दिसत असणार.

जॉर्ज रोमेरोने हा सिनेमा १९६८ साली अमेरिकेत, पिट्सबर्गच्या आसपास, साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये केला. मूळ नाव होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. त्याच पाटीवर कॉपीराइटची ओळ होती. वितरकांनी नाव बदललं, नवी पाटी लावली आणि ती ओळ राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसेल, तर प्रदर्शित होताच हक्क गेला. मग कोणीही कॉपी काढावी, टीव्हीवर दाखवावी, कॅसेट विकावी. सिनेमा घरोघरी पोचला; करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही.

हक्क गेला म्हणून तर सिनेमा जगला, असं आपण सहज म्हणतो. मीही म्हणायचे. मग मी २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत पाहिली.

शेवट सांगतेय, माफ करा. रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेला बेन सकाळी खिडकीशी येतो, आणि बंदूकवाली माणसं त्याला प्रेत समजून गोळी घालतात. बेनचं काम करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती. त्यानंतर पडद्यावर येतात ती स्थिर, खरबरीत छायाचित्रं: आकडे घेतलेली माणसं, बेनचा देह, सरण. दुरुस्त प्रतीत आधीचं सगळं लख्ख दिसतं, म्हणून ही चित्रं अचानक वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी अंगावर येतात. हॉरर संपतो आणि बातमी सुरू होते. फोनवरच्या माझ्या प्रतीत सगळंच खरबरीत होतं. सिनेमाचं सगळ्यात मोठं वाक्यच मला ऐकू आलं नव्हतं.

आपल्याकडे हक्कासाठी पडद्यावर अशी ओळ लागत नाही. सिनेमा प्रदर्शित झाला की पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. म्हणजे १९५३ च्या ‘श्यामची आई’वरचा, चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१३ अखेर संपला. चूक नाही, फक्त काळ सरला. पण प्रश्न तोच राहतो. कॉपी काढायला सगळे येतात. निगेटिव्ह जपायला, धुळीतून काढून स्वच्छ करायला पैसा आणि वर्षं लागतात.

फुकट सिनेमा मी अजूनही बघते. फक्त चित्र धूसर दिसलं, की आता दिग्दर्शकाला नावं ठेवण्याआधी थांबते. सगळ्यांच्या मालकीचं अंगण झाडायचं कोणी, हे बहुधा ठरलेलंच नसतं.