'दम संपला' हे कारण आहे की निकालाचंच दुसरं नाव?

मागच्या दोन पोस्ट सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर होत्या. त्यानंतर पेटची तयारी करणाऱ्या एकाने विचारलं, "सर, वर्णन आणि कारण यातला फरक कसा ओळखायचा?" (मला सर म्हणू नका, मी पण अजून विद्यार्थीच आहे.) उत्तर संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण ते वाचून मला स्वतःला कळलं नव्हतं. मला कळलं ते आमच्या सिल्लोडला, चहाच्या टपरीवर.

आमच्याकडे कुस्तीचं वेड जुनं आहे. जत्रा म्हटलं की कुस्त्यांची दंगल आलीच. आता त्यात मोबाइलवरच्या एमएमएची भर पडलीये. एका बाकावर महाराष्ट्र केसरीची चर्चा, दुसऱ्या बाकावर यूएफसीची. दोन्ही बाकांवर शेवटी एकच वाक्य ऐकू येतं, "गड्याचा दम उखडला, भाऊ." दम, स्टॅमिना, कार्डिओ, शब्द कुठलाही असो. जिंकला त्याच्यात दम होता, हरला त्याचा संपला. स्नायूंचा थकवा हा माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे हे वाक्य मी जरा जास्तच कान देऊन ऐकतो. आजची पोस्ट म्हणजे त्या एका वाक्यावरची टीका आहे. टपरीवाल्यांना नावं ठेवायची नाहीत. ते कुठे बरोबर आहेत हेही सांगणार आहे, आणि ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

आधी चूक बघू.

जानेवारी 2023, पुणे, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. माती गटातून महेंद्र गायकवाड आलेला, गादी गटातून शिवराज राक्षे. महेंद्रची माती गटाची शेवटची कुस्ती सिकंदर शेखशी झाली होती आणि तिच्यातल्या गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला, तो तुम्हाला आठवत असेल. अंतिम लढतीत शिवराजने महेंद्रला 55 सेकंदांत चितपट केलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर निष्कर्ष तयार होता: "आधीच्या कुस्तीत महेंद्र दमला होता."

असेलही. पण 55 सेकंदांत आपण काय पाहिलं? एक डाव लागला आणि एक पैलवान खाली गेला. थकलेला माणूसही असाच जातो आणि ताजातवाना माणूस डावात सापडला तर तोही असाच जातो. मग ही दोन कारणं वेगळी कशी काढायची? या पुराव्यावर निघत नाहीत. आता "दमला होता हे कशावरून?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हरला ना!" म्हणजे हरला कारण दमला, आणि दमला हे कशावरून तर हरला. बैल घाण्याभोवती फिरतो तसं. याला कारण म्हणत नाहीत. निकालच दुसऱ्या शब्दांत सांगितलाय.

यूएफसीच्या बाकावर हेच अंशुल जुबलीच्या बाबतीत झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये अबुधाबीला माइक ब्रीडनविरुद्ध तो तिसऱ्या फेरीत नॉकआउट झाला. लगेच निदान, "कार्डिओ नाही पोराचा." मग फेब्रुवारी 2025 मध्ये सिडनीला क्विलन सॅल्किल्डने त्याला 19 सेकंदांत हरवलं. 19 सेकंदांत कुणाचा कार्डिओ संपतो? तरी एकजण शांतपणे म्हणाला, "कंडिशनिंग कमी पडलं." मी चहा खाली ठेवला. जे स्पष्टीकरण तिसऱ्या फेरीच्या पराभवालाही चालतं आणि 19 सेकंदांच्या पराभवालाही चालतं, ते दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही. तुमचं गृहीतक कुठल्या निकालाने खोटं ठरेल हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर आरएसीच्या बैठकीत तुमचं अवघड आहे.

आता दुसरी बाजू. विज्ञानवाले आपण लगेच फुशारतो की दम मोजायचा तर व्हीओटू मॅक्स मोजा, म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. ट्रेडमिलवर पळवा, तोंडाला मास्क लावा, आकडा घ्या, झालं. मी पण पहिल्या वर्षी हेच लिहिलं होतं. समितीतल्या एका बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "कुस्तीत ट्रेडमिल असते का?" आणि "एकच शब्द आहे म्हणून एकच गोष्ट आहे असं तुम्ही का धरलं?" माझ्या सिनॉप्सिसची चार पानं तिथेच गेली.

कारण 'दम' या एका शब्दात निदान तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. पैलवान पट काढायला झेपावतो तेव्हा पहिल्या काही सेकंदांची ताकद स्नायूत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. तो साठा पटकन संपतो आणि थांबलं तर परत भरतो, साधारण अर्ध्या मिनिटात निम्म्याच्या आसपास, पूर्ण भरायला काही मिनिटं. आता नियम आठवा. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंद. यूएफसीत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट. म्हणजे विश्रांतीच्या त्या वेळात कोण किती भरून निघतो, हा एक दम. त्या भरून निघण्याला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पळण्याचा इथे उपयोग आहेच, पण तो आडमार्गाने. दुसरा दम पकडीचा. मनगट किंवा मान आवळून धरली की आवळलेल्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट पोचत नाही, आणि छाती ठणठणीत असली तरी बोटं सुटायला लागतात. तिसरा हिशोबाचा. कुठे जोर लावायचा आणि कुठे समोरच्याच्या अंगावर वजन टाकून निवांत राहायचं, हे जुन्या वस्तादांना कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. आणि चौथा, लढतीच्या आधीच गमावलेला दम, म्हणजे वजन उतरवताना गेलेलं पाणी. अंगातलं पाणी गेलं की रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येतं, आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त पडतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 किलो गटात विनेश फोगाटचं वजन 100 ग्रॅमने जास्त भरलं, तेव्हा देशाला हा प्रकार कळला. तोपर्यंत टपरीवर 'वजन काटणं' म्हणजे शिस्तीची खूण होती. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोचा, त्यामुळे तिथे हा भाग फारसा येत नाही. म्हणून केसरीवरून काढलेला दमाचा निष्कर्ष 57 किलोच्या पोराला लावायचा नसतो. पण लावतात.

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय? माझा एक आतेभाऊ तालमीत जायचा. जोर, बैठका, माती खणणं, सगळं मनापासून. दंगलीत पहिली दोन-तीन मिनिटं भारी खेळायचा, नंतर सैल पडायचा. सगळ्यांचं निदान एकच, दम नाही. उपाय पण एकच, पळव. तो पहाटे पळायचा, संध्याकाळी पळायचा, वजन गटात बसावं म्हणून पाणी कमी प्यायचा. पोलीस भरतीच्या 1600 मीटरला तो पोरांत पुढे असायचा आणि कुस्तीत तसाच सैल पडायचा. शेवटी त्याने लंगोट खुंटीला टांगला. परवा हे लिहायच्या आधी मी त्याला विचारलं, नेमकं काय व्हायचं रे तेव्हा? म्हणाला, "दादा, धाप लागायचीच नाही मला. बोटं उघडायची." इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मी पण नाही, आणि मी तर या विषयात पीएचडी करतोय.

त्यामुळे शब्दाची चूक ही फक्त परीक्षेतली चूक नसते. त्या शब्दावरून उपाय ठरतो आणि तो उपाय कुणाच्या तरी अंगावर पडतो.

आता प्रेक्षक कुठे बरोबर आहेत ते सांगतो. टपरीवरची तीच माणसं लढत चालू असताना काय बोलतात ते ऐका. "बघ, हात खाली आला." "आता पट काढताना गुडघा टेकवत नाही, नुसता वाकतोय." "मानेवरचा हात ढिला झाला." "रेफ्रीने उठवलं तर उठायला वेळ लावतोय, लंगोट सावरतोय." ही निरीक्षणं सोन्यासारखी आहेत. प्रत्येक निरीक्षण वेगळ्या दमाची खूण आहे आणि ट्रेडमिल यातलं एकही पकडत नाही. फक्त ती तोंडातून निघून हवेत जातात. कुस्ती संपली की त्यातली हरणाऱ्याच्या बाजूची तेवढी आठवतात. जिंकणाऱ्याचा हातही दोनदा खाली आला होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. 2022 ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने पिछाडीवरून विशाल बनकरला 5-4 असं हरवलं. त्या कुस्तीत एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर दमाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. शरीरं तीच, थकवा तोच.

मग चांगलं स्पष्टीकरण दिसतं कसं? दोन उदाहरणं देतो, दोन्ही अर्धवट चांगली आहेत.

पहिलं खाशाबा जाधवांचं. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक. आपल्याकडे सांगतात की जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाल्यावर नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं, नाहीतर सुवर्ण आपलंच होतं. यातला पहिला भाग मला आवडतो. इथे कारण निकालातून काढलेलं नाही. दोन लढतींमधला वेळ घड्याळावर मोजता येतो, मग कुणी जिंको वा हरो. दुसरा भाग मात्र भावनेचा आहे. इशीशी ते आधीच हरले होते आणि सुवर्ण इशीलाच मिळालं. विश्रांतीने फार तर मम्मदबेयोवची लढत बदलली असती. खाशाबांबद्दल मला अपार आदर आहे, म्हणून तर त्यांच्या नावावर कच्चा युक्तिवाद खपवू नये असं वाटतं.

दुसरं उदाहरण कॉनर मॅकग्रेगरचं. मार्च 2016 मध्ये नेट डियाझने त्याला दुसऱ्या फेरीत गळा आवळून हरवलं. डियाझ ऐनवेळी बदली म्हणून आलेला, म्हणजे तयारीचा वेळ त्यालाच कमी. पण तो एरवी ट्रायथलॉन करणारा माणूस. मॅकग्रेगर म्हणाला, ताकद उधळली, हिशोब चुकला. इथपर्यंत टपरीसारखंच. पण मग त्याने सहनशक्तीची तयारी बदलली आणि ऑगस्टमध्ये त्याच माणसाशी, त्याच 77 किलोच्या वजनात, पुन्हा लढला. आता स्पष्टीकरण आधी आलं, निकाल नंतर. ते खोटं ठरायची सोय होती. तो पाच फेऱ्या टिकला आणि थोडक्यात जिंकला. म्हणून सिद्ध झालं का? नाही. डावपेचही बदलले होते, पायावर लाथा मारून डियाझला रोखलं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्न उरतोच. तरी पहिल्या प्रकारापेक्षा हे कितीतरी बरं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सोपं आहे, खर्च शून्य. निकाल माहीत नसलेल्या दहा कुस्त्यांचे व्हिडिओ मित्राला निवडायला सांगा, नावं झाकून. पहिली फेरी संपली की थांबवा. दोन्ही पैलवानांसाठी लिहा: हात किती वेळा खाली आला, पकड किती वेळा आपोआप सुटली, उठायला कोण उशीर करतंय. त्याच तक्त्यावर दुसऱ्या मित्राला वेगळं बसवा, एकमेकांचं बघायचं नाही. आधी तुमच्या दोघांच्या नोंदी जुळतात का ते पाहा. माझ्या पहिल्या खेपेला जुळल्या नाहीत, कारण 'पकड सुटली' आणि 'पकड सोडली' यात आम्ही फरकच ठरवला नव्हता. तो ठरवण्यातच एक संध्याकाळ गेली, आणि माझ्या प्रबंधातली एक व्याख्या त्या संध्याकाळची आहे. नोंदी जुळल्या की मगच दुसरी फेरी लावा.

पहिली महाराष्ट्र केसरी 1961 साली आपल्या औरंगाबादलाच झाली होती, दिनकर दह्यारी जिंकले होते. त्या पिढीतलं कुणी तुमच्या गावात असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, समोरचा थकलाय हे तुम्हाला आधी कुठून कळायचं, श्वासावरून, पकडीवरून की डोळ्यांवरून? उत्तर त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या, तिथल्या तिथे 'स्टॅमिना' असं भाषांतर करू नका. पुढच्या पोस्टमध्ये अशा नोंदींचा तक्ता कसा करायचा आणि दोन निरीक्षकांची सहमती कशी मोजायची ते बघू, कप्पा काढायला कॅल्क्युलेटर पुरतो.