रविवर्मांची लक्ष्मी : देवघर, दुकान आणि दिनदर्शिका

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी अजूनही आढळतात. त्याच प्रतिमा आज उशांचे अभ्रे, पिशव्या आणि साड्यांचे पदर यांवरही दिसतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. त्यांची चित्रे छापण्यास आता कोणाची परवानगी लागत नाही. ही देवतांची विटंबना आहे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. ही नवी सर्जनशीलता आहे, असे तरुणांचे म्हणणे. आम्हांस दोन्ही मते उतावळी वाटतात.

मुळात ही कला राजवाड्यापुरती राहिलीच नाही. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीराव महाराजांनी १८८८ साली रविवर्मांकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले. ती दरबारात लागण्यापूर्वी मुंबई व बडोदे येथे सर्वसामान्यांना पाहावयास मिळाली आणि लोकांनी गर्दी केली. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा, आणि तितक्या वेळा तोच कागद छापावयाचा, असे ते कष्टाचे काम होते. पुढे छापखाना मळवलीस गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि देवदेवतांबरोबर तेथे मालाची लेबलेही छापली जाऊ लागली. देवघर आणि दुकान यांची गाठ तेव्हाच पडली होती. वेशभूषेचेही तसेच. पौराणिक स्त्रियांना रविवर्मांनी साडी नेसविली, काहींना तर मराठी पद्धतीची नऊवारी. आणि पुराणकाळी हाच वेश असावा, असे आपण मानू लागलो.

तेव्हा प्रतिमा बाजारात गेली, हा आक्षेप टिकत नाही. खरी कसोटी निराळी आहे आणि ती आपल्याच घरांनी घालून दिली आहे. अनेक गृहिणी त्या छापील लक्ष्मीला जर, टिकल्या, मणी लावीत. कापडाचे तुकडे बेतून तिला लुगडे नेसवीत. छापून आलेली प्रत सर्वांची सारखी असे. सजविल्यावर ती त्या एका घराची होई. उसन्या प्रतिमेत घेणाऱ्याने स्वतःचे काय घातले, हाच प्रश्न आजच्या कलाकारांनाही विचारावयास हवा.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी २०००–२००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह एक मालिका केली. तीत त्या स्वतःच रविवर्मांची लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या. नाटकी थाट त्यांनी लपविला नाही. म्हणूनच ‘आदर्श भारतीय स्त्री’ कोणी रचली, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. हैदराबादचे गौरांग शाह यांनी रविवर्मांची चित्रे खादीवर जामदानी विणीत उतरविली. तेथे रेषा रविवर्मांची असली, तरी धाग्याधाग्याचे कसब विणकराचे आहे. याउलट २०२० साली छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी एका सेवाभावी संस्थेसाठी चित्रपट-अभिनेत्रींना घेऊन दिनदर्शिका केली. हेतू उत्तम आणि परिश्रम मोठे. परंतु बैठक, पदर, प्रकाश, सारे मूळ चित्राप्रमाणे जुळविण्यातच कौशल्य संपते. ‘हुबेहूब!’ असे उद्गार निघतात, त्यापुढे विचार सरकत नाही. अभ्रे आणि पिशव्या यांत तर तेवढेही कष्ट नाहीत.

आमचा रोख जाहिरात वा फॅशन यांवर नाही. श्रम किंवा विचार यांपैकी काहीच न घालता परंपरेच्या नावाने माल खपविणे, हे आम्हांस खटकते.

रविवर्मांच्या मूळ चित्रांना १९७९ साली राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा मिळाला. टिकल्या लावणाऱ्या हातांची नोंद मात्र कोठेच नाही. आज वाडे पडत आहेत आणि तसबिरी जुन्या बाजारात जात आहेत. वाचकांना आमची विनंती एवढीच, की आपल्या घरची तसबीर देण्यापूर्वी एकदा नीट पाहावी. ती कोणी सजविली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि चौकटीच्या मागे त्या बाईचे नाव लिहून ठेवावे. छापखान्याचे नाव कागदावर आहेच.